तुआसला पडलेला बर्फ

सिंगापुरात वुडलँड्सला आमच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या मला विचारतात, "कॅनडात होतात ना तुम्ही? एवढ्या बर्फात? आता इथे बरं वाटत असेल." मी "हो" म्हणते. आमचा मजला सहावा. सहा मजल्यांत खरं उत्तर देऊन होत नाही.

खरं उत्तर असं आहे की मला थंडी आवडते. आवडते म्हणजे शाल, शेकोटी आणि हुरडा एवढ्यापुरती नव्हे. मला उणे तीस आवडतं. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर नाकातले केस कडक होतात ते आवडतं. बर्फ पडून गेल्यावर रस्त्यावर जी शांतता होते, ती आवडते. हे मी लोकांना सांगायचं सोडून दिलं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी मिरवतो आहोत, किंवा आपलं घरात काहीतरी बिनसलं आहे.

मी नागपूरची. एवढं सांगितलं की काही जणांना निम्मं कळतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला रस्ते ओस पडायचे आणि आई खिशात कांदा घातल्याशिवाय कोणाला बाहेर सोडायची नाही. बाबा मात्र त्याच दुपारी दिवसभर गारव्यात असायचे, कारण ते बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. चौतीस वर्षं. सुट्टीत त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. सायकलवरून वीस मिनिटं. डोक्याला ओढणी गुंडाळून मी जायची, आणि कारखान्याच्या आतलं लोखंडी दार ढकललं की एकदम दुसऱ्या गावाला आल्यासारखं व्हायचं. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांखाली डब्यांत गोठत असलेलं पाणी. मी फळ्यांवर बसून राहायची. बाबा म्हणायचे, "डबा दिला ना? मग जा आता घरी." मी म्हणायची, "जाते." आणि तासभर जायची नाही.

बाबांना स्वतःला बर्फाचं काही कौतुक नव्हतं. अमोनियाचा वास, सुजलेली बोटं आणि लाइट गेली की होणारी पळापळ, हा त्यांचा बर्फ. लग्नाच्या सीझनमध्ये लादीला मागणी वाढायची तेव्हा ते दोन-दोन दिवस घरी नीट जेवायचे नाहीत. पुढे मी मेकॅनिकलला गेले आणि रेफ्रिजरेशन हा विषय घेतला, तेव्हा घरात सगळ्यांनी कारण विचारलं. बाबांनी विचारलं नाही.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला कॅनडात नोकरी लागली. तिथल्या मधल्या सपाट मुलखातलं एक लहान शहर, गोठवलेल्या मांसाची मोठी गोदामं. नोकरी मला लागली होती आणि नवरा माझ्यामागे आला. हे नमूद करायला हवं, कारण पुढे सात वर्षांत त्याने ते बऱ्याच वेळा नमूद केलं. तो पनवेलचा. त्याने आयुष्यात तोवर स्वेटर घातला होता तो माथेरानला, फोटोपुरता.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी मी नागपूरला फोन केला.

"बाबा, इथे बर्फ पडतोय."

"पडतोय म्हणजे? कुठून पडतोय?"

"वरून. आभाळातून."

"केवढा?"

"पिंजलेल्या कापसासारखा. हातावर घेतला की विरघळतो."

बाबा म्हणाले, "मग तो बर्फ नाही. बर्फ लादीचा असतो. दोन माणसांना धरावी लागते."

मी त्यांना पुस्तकातला हिम हा शब्द सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि वापरला नाही. पण त्यानंतर दर हिवाळ्यात रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "काय गं, पडून राहिला का?" म्हणजे, पडतोय का. मी सांगायची, पडून राहिला. किती पडला, वीत की हातभर, ते विचारायचे. कोण साफ करतं, विचारायचे. मी साफ करते म्हटल्यावर खुलासा मागायचे, की जावई काय करतात. जावई खिडकीतून पाहत असायचे. दोन पायमोजे, आत थर्मल, वर माझा जुना स्वेटर, हातात चहा, असे ते दिवाळी ते गुढीपाडवा घरात वावरायचे. सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून तिथे इंजिनाला रात्रभर वायर जोडून ठेवतात. नवरा म्हणायचा, "मलाही एक वायर जोड."

बाबांना तो वरून पडणारा बर्फ बघायचा होता. त्यांनी तसं स्पष्ट कधी म्हटलं नाही. "एकदा बघून घेऊ," एवढंच म्हणायचे, जणू बाजारात नवीन मशीन आलं आहे. पण आईला अर्धांगवायू झाला होता आणि पाच वर्षं ते तिला सोडून एक रात्रसुद्धा कुठे गेले नाहीत. ती गेल्यावर मी त्यांच्या व्हिसाचा अर्ज केला. तो रेंगाळला, आणि मंजूर झाला तो जूनच्या शेवटी. बाबा आले तेव्हा आमच्या गावात तेहतीस डिग्री होतं आणि डास होते. सहा आठवडे ते अंगणात खुर्ची टाकून बसले. "हे तर आपल्यासारखंच आहे," म्हणाले. मी त्यांना गॅरेजमधलं बर्फ ओढायचं फावडं दाखवलं. त्यांनी ते उचलून तोललं, हलकं आहे म्हणाले आणि जागेवर ठेवलं. ऑक्टोबरपर्यंत राहिले असते तर दिसला असता, पण सप्टेंबरमध्ये आईचं वर्षश्राद्ध होतं. ते परत गेले.

पुढच्याच वर्षी नवऱ्याला सिंगापूरला, पाया लेबारमधल्या एका ऑफिसात नोकरी चालून आली. जेवताना त्याने सांगितलं. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, ती टेबलाखाली होती.

"सात हिवाळे काढले मी," तो म्हणाला. "तक्रार केली?"

"केलीस की. रोज."

"पण काढले."

त्याने काढले होते.

सिंगापूरबद्दल माझी खास तक्रार नाही. नागपूरसारखं ऊन नाही, लू नाही. फक्त ते बदलत नाही. सकाळी सात वाजता अंघोळ करून पुसेपर्यंत पुन्हा घाम येतो, आणि आज आला तसा फेब्रुवारीतही येतो, ऑगस्टमध्येही येतो. हवामानाचा अंदाज पाहायची मला कॅनडात सवय लागली होती. इथे आठवडाभर एकतीस, बत्तीस, एकतीस पाहिल्यावर ती सुटली. नवऱ्याचं अंग मात्र मोकळं झालं. तो हसायला लागला, संध्याकाळी खाली फिरायला जायला लागला, तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, उभ्या पंख्यापासून लांब बसून गरम सूप प्यायला लागला. घरातला एसी तो पंचवीसवर ठेवायचा, मी अठरावर. मुलगी दोघांच्या मधे उभी राहून इथल्या बोलीत म्हणायची, "ट्वेंटी-टू लाह. फेअर." आम्ही बावीसवर राहतो. त्यात कोणीच सुखी नाही, पण भांडण नाही.

दोन वर्षं मी इमारतींचे एसी बसवणाऱ्या एका कंपनीत काम केलं. मग तुआसला एका कोल्ड स्टोअरमध्ये मेंटेनन्स इंजिनिअरची जागा निघाली. मुलाखतीत मॅनेजरने विचारलं, "उणे बावीसमध्ये जावं लागेल. हरकत नाही ना?"

"नाही."

"सगळे मुलाखतीत असंच म्हणतात."

वुडलँड्सहून तुआस म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, पुन्हा एमआरटी, मग बस, एका बाजूने दीड तास. नवऱ्याने विचारलं, एवढ्या लांब रोज कशाला. मी पगाराचं काहीतरी सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला.

ते गोदाम म्हणजे खिडक्या नसलेली एक पांढरी पेटी आहे. आत कोळंबी, कोंबड्या, मटार, आइस्क्रीम, छतापर्यंत रॅकवर. नियम असा की अर्धा तास आत काम केलं की दहा मिनिटं बाहेर यायचं. शिफ्टचे सुपरवायझर एक मलय गृहस्थ आहेत, साठीच्या जवळचे. सगळे त्यांना अंकल म्हणतात. पहिल्या महिन्यातच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथे मी अठ्ठावीस वर्षं आहे. काम असलं की लोक आत जातात. तू एकटी अशी आहेस की काम नसलं तरी जातेस." मी म्हटलं, मी गेज बघायला जाते. ते म्हणाले, "गेज बाहेरसुद्धा आहेत."

गेल्या डिसेंबरमध्ये बाबा दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. वय एकोणऐंशी, बायपास झालेली, उजवा गुडघा कामातून गेलेला. नागपुरात तेव्हा छान थंडी पडली होती, सकाळी दहा-बारा डिग्री. ती सोडून ते एकतीसमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी स्वेटर काढून घडी केली, बॅगेत ठेवली आणि म्हणाले, "तुझा तो बर्फ राहूनच गेला."

मी म्हटलं, बघू.

पहिला प्रयत्न नवऱ्याने केला. शाळेला सुट्टी होती म्हणून तो आणि मुलगी बाबांना घेऊन एका इनडोअर बर्फाच्या खेळघरात गेले. मीही गेले. तिथे मोठ्या हॉलमध्ये यंत्राने बर्फ करून उतारावर पसरलेला असतो आणि मुलं रबरी ट्यूबवर बसून घसरतात. बाबांना भाड्याचं निळं जॅकेट आणि बूट दिले. ते कठड्याला धरून उभे राहिले, वाकून मूठभर बर्फ उचलला, दोन बोटांत चोळला, वास घेतला.

"आजोबा, हे रिअल नाही लाह," मुलगी म्हणाली. "मशीनचं आहे."

"कळलं मला," बाबा म्हणाले. "मशीन कुठे आहे?"

तिथे काम करणाऱ्या मुलीला आम्ही विचारलं. तिने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर भला माणूस होता, त्याने काचेच्या पलीकडून मशीनची खोली दाखवली. बाबा अर्धा तास तिथे होते. कॉम्प्रेसर कोणता, पाणी कुठून घेता, लाइट गेली तर काय करता. मी मधे बसून भाषांतर करत होते. मुलगी सात वेळा घसरून आली. घरी येताना नवऱ्याने विचारलं, "मग बाबा, पाहिला ना बर्फ?"

"चांगला प्लांट आहे," बाबा म्हणाले. मग एमआरटीची दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "केलेला बर्फ मी पुष्कळ पाहिला. चौतीस वर्षं मीच करत होतो. मला न केलेला पाहायचा होता." आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या आठवड्यात मी जपानच्या उत्तरेकडची तिकिटं बघायला लागले. इथून कितीतरी लोक सुट्टीत बर्फ बघायला तिकडे जातात. पण आधी बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी गुडघा हलवून पाहिला, ईसीजी काढला, कागद वाचले.

"निसरड्या बर्फावर हे चालणार? या गुडघ्याने?" त्या म्हणाल्या. "पडले आणि खुबा मोडला तर त्या हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही. मी हो म्हणणार नाही."

मी विचारलं, "आणि सपाट जमिनीवर, नीट गुंडाळून, पाच मिनिटं उणे बावीसमध्ये?"

त्यांनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"माझं ऑफिस."

त्यांनी थोडा विचार केला. तोंडावर मफलर, हातात काठी, बरोबर माणूस, आणि पाचची सहा मिनिटं नाहीत, एवढ्या अटींवर त्या कबूल झाल्या. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे पुन्हा कारखानाच."

"हो," मी म्हटलं. "पण माझा कारखाना. तुम्ही पाहिलेला नाही."

हे त्यांना पटलं. मी पाहुण्याच्या पासचा अर्ज केला. गुरुवार, सकाळी अकरा अशी वेळ मिळाली.

त्याच आठवड्यात मंगळवारी गोदामाच्या चार नंबरच्या दाराचं रबर फाटलं. माल रचायच्या कोणाच्या तरी पॅलेटचा कोपरा लागला होता. मला फोन आला म्हणून मी गेले. दार बंद होत होतं, पण वरच्या कडेला चार बोटांची फट राहत होती. बाहेरची तुआसची दमट हवा त्या फटीतून आत शिरत होती, आणि आत शिरल्याबरोबर तिच्यातलं पाणी गोठून खाली येत होतं. मी दाराच्या आत उभी राहून वर पाहिलं. ट्यूबलाइटच्या उजेडात अगदी बारीक, सुटासुटा, काही आवाज न करता बर्फ पडत होता. पंख्याचा झोत आला की तिरपा व्हायचा, झोत थांबला की पुन्हा सरळ.

आमच्या धंद्यात हा बिघाड आहे. छतावर थर साचतो, जमीन निसरडी होते, वीज वाया जाते. मी फॉर्म भरला. नवीन रबर संध्याकाळीच स्टोअरमध्ये आलं. बसवायला दोन माणसं आणि दोन तास लागतात. बुधवारी सकाळी आठला सहज झालं असतं. वेळापत्रकात मी गुरुवार, दुपारी एक असं लिहिलं.

त्यावर मी जास्त विचार केला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. घरी जाताना दीड तास तोच विचार केला.

बुधवारी दुपारी त्या दाराशी एक फोर्कलिफ्ट वीतभर घसरली आणि रॅकला टेकली. कोणाला काही लागलं नाही, मटारचा एक खोका फुटला. मी धावत गेले. चालवणारा खाली उतरून जमिनीकडे बघत होता. मी ते दार बंद करून अडसर लावले, सगळी ये-जा तीन नंबरने वळवली. त्यामुळे प्रत्येक फेरीला माणसांना चाळीस पावलं जास्त पडायला लागली. अंकल अडसराजवळ आले आणि म्हणाले, "रबर स्टोअरमध्ये आलंय. मी पाहिलं."

"उद्या एक वाजता बसवायचंय," मी म्हटलं.

"उद्या अकराला तुझे वडील येणार आहेत," ते म्हणाले. पासच्या यादीवर त्यांची सही लागते. त्या दिवशी मला पहिल्यांदा आत नीट थंडी वाजली.

गुरुवारी मी बाबांना टॅक्सीने तुआसला नेलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन. कारखान्यात जाताना ते असेच जायचे. अंकलनी स्वतःचं जॅकेट आणून त्यांना घातलं, कारण पाहुण्यांची जॅकेटं फार मोठी होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अंकलनी चेन वर ओढली, मफलर नाकापर्यंत घेतला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी मान हलवली.

मोठ्या दारातून आत गेलो. मी घड्याळ लावलं. बाबा काठी टेकत, रॅककडे बघत, छताकडे बघत हळूहळू चालले. कुठे कोणता गॅस, ते मी सांगत होते. चार नंबरच्या दाराच्या आतल्या बाजूला आलो तेव्हा दीड मिनिट झालं होतं. बर्फ पडत होता.

बाबा थांबले. त्यांनी मान वर केली. चष्म्याच्या काचेवर दोन-तीन कण बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण मफलरमुळे फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे दाराच्या वरच्या कडेवर गेले होते.

"दार लागत नाहीये," बाबा म्हणाले.

"हो."

"रबर गेलंय. वरून हवा घेऊन राहिलं ते."

"हो, बाबा."

"कधीपासून?"

"परवापासून."

"मग दुरुस्त काहून नाही केलं?"

कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. बाबांनी दाराकडे पाहिलं, खाली लावलेल्या अडसरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्याने माणसांकडून काम करून घेतलं त्याला कोण काम टाळतंय आणि का, हे कळायला वेळ लागत नाही. त्यांनी जाड हातमोजा काढला. मी म्हटलं, काढू नका. त्यांनी काढला, हात पुढे केला आणि तळवा वर करून धरला. तळव्यावर कण पडत होते आणि जात होते. साधारण मिनिटभर ते तसेच उभे राहिले.

"हा कोणी केला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आवाज नाही होत याचा."

"नाही होत. तिकडेही होत नाही. सकाळी उठून बघावं लागतं, पडला का."

"तुझी आई म्हणायची, पोरीला एवढ्या थंडीत काय आवडतं कोणास ठाऊक." त्यांनी हात तसाच धरला होता. "मी म्हणायचो, कारखान्यात यायची ना, म्हणून."

सव्वातीन मिनिटं झाली होती. मी त्यांना हातमोजा घातला. त्यांची बोटं गार होती, पण ती नेहमीच गार असत. निघताना ते म्हणाले, "आज करून टाक ते. लोक लांबचा फेरा घालून राहिले." मी म्हटलं, एक वाजता आहे. ते म्हणाले, "आत्ता."

आम्ही बाहेर आलो तेव्हा पावणेबारा व्हायचे होते. मी माणसांना बोलावलं. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून अंकलबरोबर चहा प्यायले आणि काचेतून रबर बसवताना बघत राहिले. एकदा त्यांनी काठीने खूण करून सांगितलं की डावीकडचा कोपरा आधी दाबा. अंकलनी ते माणसांना मलयमध्ये सांगितलं. त्यांनी तसं केलं. दीड तासात काम झालं. आत बर्फ पडायचा थांबला.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. उशिराचं कारण, या रकान्यात आधी मी "सुट्या भागाची वाट" असं लिहिलं. मग फोर्कलिफ्टवाला खाली बघत उभा होता ते आठवलं आणि ते खोडून स्वतःचं नाव आणि "वैयक्तिक कारण" असं लिहिलं. शुक्रवारी मॅनेजरने बोलावलं.

"भाग मंगळवारी आला होता. काम गुरुवारी झालं. वैयक्तिक कारण असं लिहिलंय. काय कारण?"

"माझ्या वडिलांना बर्फ पडताना बघायचा होता."

त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. "पाहिला?"

"हो."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि मला लेखी ताकीद दिली. ती योग्य होती. मी सही केली. सोमवारी फोर्कलिफ्टवाल्याला जाऊन सांगितलं की चूक माझी होती. तो म्हणाला, माहीत आहे, अंकलनी सांगितलं. मग त्याने विचारलं, तुमचे वडील इंजिनिअर आहेत का. मी म्हटलं, फोरमन. तो म्हणाला, दिसतं.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे एवढी वर्षं नोकरी करून तू पहिली ताकीद मिळवलीस ती बर्फासाठी," तो म्हणाला. मी म्हटलं, हो. त्याने उठून एसी वीसवर केला आणि स्वतः चादर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बावीसवर होता.

बाबा फेब्रुवारीत परत गेले. मार्चमध्ये एका दुपारी नागपूरहून आत्याचा फोन आला. ती बाबांच्या दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिचं त्यांच्यावर लक्ष असतं.

"तुला एक विचारायचं होतं," आत्या म्हणाली. "दादा सगळ्यांना सांगून राहिला की सिंगापूरला बर्फ पडतो. परवा बँकेत सांगितलं, काल देवळात सांगितलं. मी पेपरमध्ये पाहिलं, तिथे तर एकतीस डिग्री असतं. त्याला काही विसरायला बिसरायला नाही ना होऊन राहिलं?"

मी म्हटलं, "पडला होता, आत्या."

"तू पण?" आत्या म्हणाली.

मी तिला दाराचं, रबराचं, दमट हवेचं सगळं समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. मग डॉक्टरांनी सहज विचारलं, काका, ते बर्फाचं काय आहे? बाबांनी त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि दाराची आकृती काढायला घेतली. बाहेर नऊ पेशंट बसले होते. आत्या सांगते की पाऊण तास लागला, आणि शेवटी डॉक्टरांनीच दोन प्रश्न विचारले.